जिन्यातला दोर

तिसरा_मजला (गिरगाव)

आमच्या चाळीच्या जिन्यात वरपासून खालपर्यंत एक दोर सोडलेला आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या इमारतींत राहिलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. उभ्या चढाचा लाकडी जिना, मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या आणि बाजूला लोंबणारा जाड दोर. इतक्या वर्षांच्या तळहातांनी तो काळपट आणि गुळगुळीत झाला आहे.

१९८१ साली लग्न होऊन मी या घरात आले. तेव्हापासून गेल्या आषाढापर्यंत मी त्या दोराला हात लावला नव्हता. सासूबाई दोर धरून चढायच्या. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, दोन्ही हातांनी दोर धरून दम खायच्या आणि मग पुढे निघायच्या. मी एका हातात रेशनची पिशवी आणि कडेवर मुलगी घेऊन सेहेचाळीस पायऱ्या एका दमात चढत असे. दोर म्हाताऱ्या माणसांचा आणि लहान मुलांचा, हे माझ्या मनात पक्कं होतं. मधल्या वयाच्या माणसाला कशाला लागतो?

आषाढातल्या त्या संध्याकाळी मी दादरहून येत होते. छत्री, ग्रंथालयाची दोन पुस्तकं, येताना घेतलेली मेथीची जुडी. जिन्यातले दिवे गेलेले. दुसऱ्या मजल्याच्या वर पाय ओल्या पायरीवरून सुटला. पुस्तकं खाली गेली, मेथी गेली, पण मी गेले नाही. उजव्या हातात दोर होता. तो मी शोधला नव्हता. पंचेचाळीस वर्षं ज्याला शिवले नाही, तो अंधारात नेमका कुठे आहे हे हाताला पाठ होतं.

तिथेच बसून राहिले थोडा वेळ. पहिल्या मजल्यावरचा मुलगा मोबाइलचा उजेड घेऊन वर आला, पुस्तकं पुसून दिली. "काकू, वर सोडू का?" म्हणाला. मी "नको रे, जाईन मी" म्हणाले आणि एकेक पायरी करत वर आले. घरात आल्यावर मला रडू आलं. लागलं तर काहीच नव्हतं. मुलाला नको म्हटल्याचं रडू आलं. एवढं झाल्यावरही तोंडातून पहिला शब्द "नको" निघाला, याचं.

तेव्हापासून मी दोर धरते. पण पहिले काही दिवस वरून कुणाची चाहूल लागली की हात सोडून देत असे. माणूस पुढे गेला की पुन्हा धरायचा. याला काय म्हणायचं ते मला अजून नीट सापडलेलं नाही. लाज म्हणावी तर कुणाची? चाळीतल्या प्रत्येकाने मला पाहिलेलं आहे, बाळंतपणात, सुतकात, पाण्याच्या भांडणात. त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काय उरलं आहे?

थोडं माझ्या कामाविषयी सांगते, म्हणजे मी हे का लिहिते आहे ते कळेल. मी मुद्रितशोधक. लग्नाआधी दोन वर्षं एका छापखान्यात लागले, तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छपाई होत असे. शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ चे, १९७२ मध्ये आणखी चार आले आणि अठरा झाले. त्यांनी न उच्चारायचे अनुस्वार काढून टाकले, पण जुन्या खिळे जुळाऱ्यांच्या बोटांतून ते सुटायला तयार नव्हते. ओल्या गॅलीवरचे, म्हणजे पहिल्या कच्च्या छापावरचे, ते अनुस्वार वेचून काढणं हे माझं पहिलं काम. पुढे खिळे गेले, संगणक आले, छापखान्याचं डीटीपी सेंटर झालं. माझी लाल पेन्सिल चालू राहिली. कथाही लिहिल्या, दिवाळी अंकांतून आल्या, पण पोटाचा धंदा चूक शोधण्याचा. दुसऱ्याची चूक माझ्या हाताखालून निसटत नाही, याच्यावर मी उभी होते.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाची मुद्रितं माझ्याकडे होती. "पाणी"चं "पाणि" झालेलं माझ्या नजरेतून सुटलं. एकदा नाही, एकाच पानावर दोनदा. पाणि म्हणजे हात, त्यामुळे संगणकालाही त्यात वावगं वाटलं नसावं. तिथल्या तरुण ऑपरेटरने ते पाहिलं. त्याने फोन केला नाही, मुद्दाम घरी आला. चहा झाल्यावर पान पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, हे एकदा बघता का?" त्याने ज्या हलक्या आवाजात ते विचारलं, तो आवाज मला त्या चुकीपेक्षा जास्त लागला. आणि दोन दिवसांनी त्याच आवाजाने मला धीरही दिला. मी त्याला फोन करून सांगितलं, आता माझं वाचून झालं की तू एकदा वाचत जा. पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं.

मग नोव्हेंबर आला. यजमान सरकारी नोकरीत होते, त्यांच्यामागे मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी बँकेत हयातीचा दाखला. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. हात धुऊन आले, पदराला पुसला, दुसरा अंगठा, मग तर्जनी. मागे रांग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, रेषा पुसल्या गेल्यात." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. वयाने कातडी कोरडी पडते, ठसे उथळ होतात, त्यात भांडी आणि साबण. पण मी तिथे उभी राहून माझ्या बोटांकडे बघत राहिले. याच बोटांना एके काळी शिशाची काळी शाई लागलेली असायची आणि घरात जिथे हात लागेल तिथे ठसा उठायचा. सासूबाई दुधाच्या पातेल्याला हात लावू द्यायच्या नाहीत. शेवटी त्या मुलीने मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढून दिला.

आणखी एक सांगते आणि थांबते. दर पंधरवड्याला मी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. १८९८ ची संस्था. पुस्तक घरी मागवता येतं हे मला माहीत आहे, पण जाणं हेच अर्धं वाचन आहे. चर्नी रोडला चढायचं, बायकांच्या डब्यात "कुठे उतरणार?" विचारायचं, दादरला पुलावरून पूर्वेला उतरायचं. आता मेट्रो आली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात ती थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगावलाही स्टेशन झालं. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, मी दोनदा गेलेही. पण ती पश्चिमेला सोडते आणि पूर्वेला जायचं तर पूल काही चुकत नाही.

तर, दादरचा पूल. ऐन गर्दीत उतरत्या पायऱ्यांच्या तोंडाशी माझा गुडघा अडला. तिथे थांबणं म्हणजे काय ते मुंबईकरांना ठाऊक आहे. शेजारून एक बाई चालली होती, डोक्यावर शेवंतीचं मोठं गाठोडं. मी म्हणाले, "बाई, जरा हात देता का?" अनोळखी माणसाला असं विचारण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. ती चालता चालताच म्हणाली, "हात नाही देता यायचा, कोपर धरा." मी कोपर धरलं. ती तिच्या चालीने उतरत राहिली आणि मी तिच्या चालीत उतरले. खाली आल्यावर मी तिचे आभार मानेपर्यंत ती पुढे गेलीसुद्धा. तिच्यासाठी त्यात विशेष काही नव्हतं.

अडुसष्टाव्या वर्षी मला असं वाटायला लागलं आहे की, म्हातारपण अंगात मुरायला लागतं ते गुडघ्यांतून किंवा डोळ्यांतून नव्हे, मागण्यातून. "देता का?" हे दोन शब्द तोंडातून सहज निघायला मला इतकी वर्षं लागली. तुम्हाला कसं गेलं ते? पहिल्यांदा कुणापुढे हात केलात, ते आठवतं का? इथे लिहाल तर मला वाचायचं आहे.

---

परळगाव

ताई, दोर वाचला आणि तळहाताला तो स्पर्श आला. आमची चाळ लालबागची. आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. रात्रपाळी करून पहाटे यायचे तेव्हा जिना करकरायचा आणि आजी चुलीवर, म्हणजे तेव्हा स्टोव्हवर, चहा ठेवायची. ते दोर धरत नसत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तेव्हा आजोबा बावन्न वर्षांचे होते. मी दुसरीत. त्या वर्षाच्या शेवटी शेवटी ते दोर धरून चढायला लागले, हे मला स्पष्ट आठवतं, कारण मी विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही पण?" ते काही बोलले नाहीत. पायांना काहीच झालेलं नव्हतं. कामावरून येणारा माणूस आणि कुठूनच न येणारा माणूस यांच्या चढण्यात फरक पडतो, एवढं मला पुढे माझी नोकरी गेली तेव्हा कळलं.

आता त्याच जागेवर टॉवर आहे. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर. आई ऐंशीची. लिफ्टमुळे तिचे पाय वाचले, पण जिन्यात भेटणारी माणसं गेली. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला चार घरांच्या बातम्या कळायच्या.

एक विचारतो. आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला लोखंडी दांडा लावला आहे, पण तिला तो गार लागतो, ती धरत नाही. दोर बांधला तर? केवढा जाड घ्यावा?

---

चालतेबोलते

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, फुलवाल्या बाईने तुम्हाला नेमकं तेच दिलं जे आम्ही शिकवतो. आधार द्यायचा असेल तेव्हा हात ओढून न्यायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं. धरणाऱ्याला स्वतःचा तोल स्वतःकडे ठेवता येतो आणि सोडायचं तेव्हा सोडताही येतं. समोरच्याचा दंड घट्ट पकडून चालवणारी प्रेमळ माणसं मी रोज बघते. त्याने उलट तोल जातो.

काही गोष्टी इथल्या सगळ्यांसाठी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नाही, विरुद्ध हातात. बहुतेक लोक उलट धरतात. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून "चढताना काही होत नाही, उतरताना भीती वाटते" हे रुग्ण सांगतात ते मनाचे खेळ नसतात.

घरी एक करून बघा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्या. हाताची घडी छातीशी घाला आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. स्नायू चाळिशीपासूनच हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर वेग वाढतो. पण सत्तरीतही व्यायामाने ताकद परत येते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी मोडलेल्या खुब्यांची गोष्ट पहाटे तीनच्या त्या एका मिनिटात घडलेली असते.

परळगाव, घरात भिंतीला पक्का दांडाच ठेवा. दोर हलतो. जिन्यात वरून भार देऊन ओढायला तो चालतो, सपाट जमिनीवर तोल सावरायला नाही. गार लागतो तर दांड्यावर सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून टाका.

---

माहेर_मुलुंड

मी बंगळुरूला असते. आई मुलुंडला एकटी, वय शहात्तर. दोनदा पडली. दोन्ही वेळा मला शेजारच्या काकूंकडून कळलं, आणि तेही आठवड्याने. काठी आणून दिली तर ती दाराच्या मागे उभी आहे. विचारलं की म्हणते, "काठी धरली की लोक बोलायला लागतील." कोण लोक? रोज रात्री फोनवर आमचं यावरून वाजतं आणि फोन ठेवल्यावर मी रडते. तिसरा मजला ताई, तुमच्या मुलीने तुम्हाला काय म्हटलं असतं तर तुम्ही दोर आधी धरला असता?

---

तिसरा_मजला

मुलुंडच्या ताई, हा प्रश्न मी दोन दिवस मनात ठेवला.

माझी मुलगी मला खूप काही म्हणाली होती. "आई, दोर धर" असं तिने निदान शंभरदा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी हात आणखी आखडून घेतला. कारण ती सांगत होती ते दोराबद्दल असलं तरी मला ऐकू येत होतं ते हे, की तुझं आता संपत आलं. तिच्या मनात तसं नव्हतं. पण कान माझे होते.

आम्हा दोघींच्यात फरक पडला तो ती स्वतः अडचणीत आली तेव्हा. तिची बढती हुकली होती. तिने मला विचारलं, "आई, अर्ज लिहायचा आहे, भाषा बघून देशील?" मी दोन रात्री बसून तो अर्ज नीट केला. ती माझ्यापुढे हात पसरू शकते हे मला दिसलं, त्यानंतर तिच्यापुढे हात पसरणं मला तितकं जड गेलं नाही. तुमची आई तुमच्यासाठी सध्या काय करते? काही करत नसेल तर तिला काही तरी मागा. खरी गरज असलेलं मागा, खोटं तिला कळेल. लोणच्याचं प्रमाण मागा, मुलांना मराठी शिकवायला फोनवर रोज वीस मिनिटं मागा. काठीचा विषय महिनाभर काढू नका.

चालतेबोलते, खुर्चीवर करून पाहिलं. एकोणीस सेकंद. उद्या डॉक्टरांकडे जाते.

---

ज्येष्ठ_गोरेगाव

सगळ्यांची क्षमा मागून वेगळं बोलतो. वय चौऱ्याहत्तर.

ताईंचं लिखाण मनाला भिडलं, पण मला त्यात एक धोका दिसतो. मागायला शिकणं ही आमचीच जबाबदारी का? जिन्यात दिवा असता तर पाय सुटला असता का? पुलाला रुंद, उतरत्या पायऱ्या असत्या तर फुलवालीचं कोपर लागलं असतं का? २९ सप्टेंबर २०१७ ला प्रभादेवीच्या पुलावर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला, चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यात म्हातारे थोडे, कामावर निघालेले तरुण जास्त. त्या पुलावरून मी तीस वर्षं गेलो आहे. अरुंद जिना सगळ्यांनाच मारतो, आम्हाला फक्त आधी कळतं.

आणि हक्काचं म्हणाल तर, लांबच्या गाड्यांत साठीनंतर पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्ननंतर स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. एसटीने पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत केला आणि पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट ठेवलं. या गोष्टी मेहेरबानी म्हणून घेऊ नका. पत्र लिहा, नगरसेवकाला भेटा, सह्या गोळा करा. मी आमच्या भागातल्या एका स्टेशनच्या बंद सरकत्या जिन्यासाठी अकरा महिने पत्रं लिहिली. अकराव्या महिन्यात चालू झाला. त्या दिवशी मी विनाकारण चार वेळा वर-खाली केलं.

---

कल्याण_लोकल

मी सत्तावीस वर्षांची. रोज कल्याण ते घाटकोपर. मला हे विचारायचंच होतं म्हणून खातं उघडलं.

मागच्या वर्षी एका बाईंना मी उठून जागा दिली. "आजी, बसा." त्यांनी मला असं पाहिलं की मी पुढची चार स्टेशनं मान वर केली नाही. "मी तुला आजी दिसते का?" म्हणाल्या. त्यानंतर मी जागा द्यायची असेल तर काही न बोलता उठते आणि दाराकडे जाऊन उभी राहते, जणू माझं स्टेशन आलं. यात कधी कधी भलतीच मुलगी पटकन बसते. काय म्हणायचं असतं नेमकं?

---

तिसरा_मजला

बाळ, "मी उभी राहते, तुम्ही बसता का?" एवढंच. नातं जोडूच नकोस. आणि त्या बाईंना माफ कर. त्या दिवशी त्यांना कुणी तरी पहिल्यांदाच आजी म्हटलं असेल. मला पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा मी ग्रँट रोडलाच उतरून पुढच्या गाडीने गेले होते.

गोरेगावच्या दादा, तुम्ही म्हणता ते मला टोचलं आणि ते बरोबर आहे. मी जिन्यातल्या दिव्याबद्दल लिहिताना "दिवे गेलेले" एवढं लिहून पुढे गेले. दिवे गेले नव्हते, दीड महिना बंदच होते, आणि त्या दीड महिन्यात मी कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे मला दिसत नाही हे कबूल करणं, असं वाटून. एका जागी मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. दिवा लागला, पूल रुंद झाला, तरी एक दिवस येणारच जेव्हा कोपर लागेल. त्या दिवसाची तयारी सह्यांनी होत नाही.

---

ज्येष्ठ_गोरेगाव

मान्य. पत्नी गेली त्या वर्षी मला साधा कुकर लावता येत नव्हता आणि शेजाऱ्यांचं दार वाजवायला मला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी पावावर काढले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

---

निवृत्त_खतावणी

हयातीच्या दाखल्याबद्दल, कारण दर वर्षी यावर लोक फार हाल काढतात. घरबसल्या होतो. जीवन प्रमाण ही सोय २०१४ पासून आहे. आता अँड्रॉइड मोबाइलवर जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं फेस आरडी ॲप, दोन्ही घ्यायची. निवृत्तिवेतनाची माहिती भरायची, कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. अंगठा लागत नाही. उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ करू नका. मोबाइल जमत नसेल तर टपाल खात्याचा पोस्टमन थोडं शुल्क घेऊन घरी येऊन करून देतो. सरकारी निवृत्तिवेतनवाल्यांनी नोव्हेंबरात द्यायचा. केंद्राचे ऐंशीच्या पुढचे ऑक्टोबरपासून देऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीची ९५ ची पेन्शन असेल तर नोव्हेंबरच लागतो असं नाही, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

आणि कुणी एकटं असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांचा टोल फ्री नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मी इतरांना सांगत होतो, स्वतः लिहिला नव्हता. हा धागा वाचून आज लिहिला.

---

माहेर_मुलुंड

ताई, आईकडे गोड्या मसाल्याचं प्रमाण मागितलं. खरंच हवं होतं, इथला विकतचा कुणाला आवडत नाही. तिने फोनवर सांगितलं नाही. म्हणाली, "असा नाही कळायचा, मी करून पाठवते, पण दगडफूल आणि नागकेशर आणायला लालबागला जावं लागेल." मी विचारलं, एकटी कशी जाशील? तर म्हणाली, शेजारच्या काकूंना घेऊन जाते. गेली. काठी नेली की नाही ते मी विचारलं नाही. काकूंनी फोटो पाठवला, त्यात दोघी मसाल्याच्या दुकानापुढे उभ्या आहेत आणि आईच्या हातात काठी आहे. डाव्या हातात. तिचा उजवा गुडघा दुखतो.

---

तिसरा_मजला

हा फोटो इथे न बघताही मला दिसला.

महिना झाला, म्हणून सांगायला आले. जिन्यातला दिवा लागला. अर्ज मी लिहिला, चाळीतल्या एकवीस घरांच्या सह्या घेतल्या. दारोदार गेले तेव्हा कळलं की आणखी तिघी अंधारात चाचपडत चढत होत्या आणि माझ्यासारख्याच गप्प होत्या. एक तर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. डॉक्टरांनी व्यायाम दिले आहेत, सकाळी पाणी भरून झालं की करते. खुर्चीवर आता सोळा सेकंद.

सह्या घेताना दोराचाही विषय निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो विरायला लागला आहे. मी ज्या जागी लटकले, त्याच्या वीतभर खाली. पुनर्विकास होणार म्हणून गेली कित्येक वर्षं कुणी त्यात पैसे घालत नव्हतं. या वेळी गणपतीच्या मंडळातल्या मुलांनी वर्गणी काढली. रविवारी दोघे जण मस्जिद बंदरला जाऊन नवीन दोर घेऊन येणार आहेत. काल संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचा तोच मुलगा वर आला आणि म्हणाला, "काकू, धरायला सोपं जावं म्हणून मध्ये मध्ये गाठी घालू या. किती अंतरावर घालायच्या ते तुम्ही सांगा, रोज धरणाऱ्या तुम्ही."

मी त्याला म्हटलं, असं बसून नाही सांगता येणार, चढून बघावं लागेल. खाली उतरायला मला कोपर दे.

आम्ही तळापासून वर आलो. जिथे माझा हात आपोआप गेला तिथे त्याने खडूने भिंतीवर खूण केली. मग कोपऱ्यातल्या घरातल्या चार वर्षांच्या नातीला बोलावलं आणि तिच्या हाताच्या खुणा वेगळ्या केल्या, तिच्यासाठी खाली एक बारीक दोर वेगळा बांधणार आहेत. भिंतीवर आता खडूच्या दोन रांगा आहेत.

परळगाव, तुम्ही जाडी विचारली होती. दोर आला की मोजून लिहिते.